झटका मशीन, डीपी आणि विश्वकिरण : विदर्भातल्या एका छोट्या अँटेना-जाळ्याचं प्रकरण

हिशेबाने महिन्याकाठी एखाद-दुसरी नोंद यायला हवी होती. यंत्रणा सेकंदाला एकाहून जास्त नोंदी देत होती. बरं, त्या दिसायलाही अगदी हव्या तशा: काही दहा नॅनोसेकंदांचा टोकदार स्पंद, चारही अँटेनांवर, किंचित मागेपुढे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एम.एस्सी.ला शिकणाऱ्या मुलामुलींनी प्रकल्प म्हणून विश्वकिरणांमुळे उठणारे रेडिओ स्पंद पकडायला हे अँटेनांचं जाळं गावाबाहेरच्या एका वावरात उभारलं होतं. मी त्यांचा बाहेरचा मार्गदर्शक, म्हणजे फोनवर जास्त आणि शिवारात कमी. या नोंदी कुठून येतात आणि त्यांतली आभाळातली कोणती, हे शोधताना जे घडलं ते इथे सविस्तर देतो आहे. या विषयावर जे वाचायला मिळतं त्यात अँटेना असते, आकाशगंगा असते. शेजारच्या वावरातलं रानडुक्कर नसतं.

काय पकडायचं होतं

अवकाशातून आलेला अतिऊर्जावान प्रोटॉन किंवा एखादं अणुकेंद्र, म्हणजेच विश्वकिरण, वातावरणात शिरलं की हवेतल्या अणुकेंद्रावर आदळतं. त्यातून नवे कण निघतात, ते पुढे आदळतात, आणि जमिनीकडे कोट्यवधी कणांची लाट धावत येते. हा कणवर्षाव. तो कसा वाढत जातो याचं गणित होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ मध्ये मांडलं, आणि पुढच्याच वर्षी पिएर ओजे यांनी दूरदूर ठेवलेल्या शोधकांवर एकाच वेळी येणारे कण दाखवून हे वर्षाव किती विस्तीर्ण असतात ते सिद्ध केलं.

वर्षावात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन असतात. पृथ्वीचं चुंबकक्षेत्र एकाला एका बाजूला, दुसऱ्याला दुसऱ्या बाजूला ओढतं. धावत्या लाटेत आडवा विद्युतप्रवाह तयार होतो आणि त्यातून रेडिओ लहरींचा एक झटपट स्पंद निघतो. लाटेची जाडी काही मीटरच असल्यामुळे तेवढ्या किंवा त्याहून लांब तरंगलांबीच्या लहरी एकमेकींत मिळून जोर धरतात. म्हणून बहुतेक जाळी ३० ते ८० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ऐकतात. खाली शॉर्टवेव्हची गर्दी, वर ८८ पासून एफएम. दुसरं, लहान योगदान असतं ते वर्षावात इलेक्ट्रॉन जास्त झाल्यामुळे. त्याची कल्पना गुर्गेन अस्कारयान यांनी १९६२ मध्ये मांडली होती.

हे स्पंद १९६५ मध्ये इंग्लंडच्या जोड्रेल बँक इथे ४४ मेगाहर्ट्झवर पहिल्यांदा पकडले गेले. नंतर विषय जवळजवळ बासनात गेला. त्या काळच्या उपकरणांना आजूबाजूचा गोंगाट आवरता येत नव्हता. वेगवान डिजिटल साधनं आल्यावर जर्मनीत कार्ल्सरूहच्या लोपेस प्रयोगाने २००५ मध्ये पद्धत पुन्हा उभी केली. आज नेदरलँड्सचं लोफार हे रेडिओ अँटेनांचं मोठं जाळं हे काम करतं, आणि अर्जेंटिनातल्या सुमारे ३००० चौरस किलोमीटरच्या पिएर ओजे वेधशाळेत कण टिपणाऱ्या पाण्याच्या टाक्यांवर, म्हणजे सोळाशेहून जास्त ठिकाणी, अँटेना बसवण्याचं काम झालं आहे. एवढा पसारा लागतो, कारण सर्वात वरच्या ऊर्जेचे कण फार विरळा. २७ मे २०२१ रोजी अमेरिकेत यूटामध्ये नोंदवलेल्या ‘अमातेरासू’ कणाची ऊर्जा सुमारे २४० अब्ज अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट होती, आणि इतक्या ऊर्जेचा कण शंभर चौरस किलोमीटरवर शतकात एखादा येतो की नाही इतपतच.

आमची उडी तिथवर नव्हती. रेडिओने दिसायला वर्षाव साधारण दहाचा सतरावा घात इलेक्ट्रॉनव्होल्टचा तरी हवा. असे वर्षाव विरळा, आणि आमच्याकडे होतं जेमतेम एकरभर वावर. वर्षावाचा रेडिओ ठसा शे-दीडशे मीटर पसरतो, त्यामुळे शेजारी पडलेलेही थोडे दिसतात. तरी महिन्याला एखाद-दुसरा, यापुढे आकडा जात नाही.

विदर्भच का

कुणी विचारत नसलं तरी हा भाग मला सांगायचाच असतो. चुंबकक्षेत्राशी वर्षावाचा कोन जितका काटकोनाजवळ, तितका रेडिओ स्पंद जोरकस. नेदरलँड्समध्ये चुंबकक्षेत्र बलवान आहे, पण जवळजवळ उभं जमिनीत घुसतं, त्यामुळे सरळ वरून येणारा वर्षाव त्याला बराचसा समांतर पडतो. अर्जेंटिनात कोन बरा आहे, पण क्षेत्रच दुबळं, सुमारे २४ मायक्रोटेस्ला. आपल्याकडे नागपूर-यवतमाळ पट्ट्यात क्षेत्र ढोबळमानाने ४५ मायक्रोटेस्ला, आणि ते आडव्यापासून तीसेक अंशच खाली झुकलेलं. साधा हिशेब केला तरी डोक्यावरून येणाऱ्या वर्षावाला इथे त्या दोन्ही ठिकाणांच्या सुमारे दुप्पट जोर मिळतो. अशा वर्षावाच्या लहरींची कंपनदिशा पूर्व-पश्चिम असते. ही गोष्ट पुढे फार कामाला आली.

मांडणी

साठ मीटर बाजूचा चौकोन, चार कोपऱ्यांत चार अँटेना, प्रत्येकीला दोन हात: एक उत्तर-दक्षिण, एक पूर्व-पश्चिम. प्रत्येक अँटेनेशी प्रवर्धक (अ‍ॅम्प्लिफायर) आणि एफएम अडवणारा फिल्टर. सगळ्या केबली सारख्या लांबीच्या, मधल्या पत्र्याच्या खोलीत एकाच नोंदयंत्राला जोडलेल्या. वीज बॅटरीवर. केबली पीव्हीसी पाइपातून नेल्या, नाहीतर उंदरांनी त्या महिन्यातच संपवल्या असत्या.

जमीन ज्यांची, त्या काकांनी भाडं घेतलं नाही. अट एवढीच की मार्गशीर्षात तूर काढायच्या वेळी कुणी मधे यायचं नाही.

गोंगाटाची दोन घराणी

प्रकाश किंवा रेडिओ लहर नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जाते. साठ मीटरवरच्या दोन अँटेनांवर स्पंद एकाच वेळी आला तर तो वरून किंवा त्यांच्या रेषेच्या काटकोनातून आला. २०० नॅनोसेकंदांच्या फरकाने आला तर तो जमिनीलगत, त्या दोघींच्या रेषेतून आला. चार अँटेनांच्या वेळा जुळवून दिशा काढली की नोंदींचा नकाशा हाती येतो. तो काढल्यावर जवळजवळ सगळ्या नोंदी क्षितिजावर जाऊन बसल्या. म्हणजे स्रोत माणसाचे. कुणाचे, हे मात्र नकाशा सांगत नव्हता.

पहिलं घराणं सापडलं ते शेतीपंपाच्या विजेच्या वेळापत्रकावरून. थ्री फेज आली की नोंदींचा पूर, गेली की ओहोटी. काही दिवस दिवसाची पाळी, काही दिवस रात्रीची, आणि पूरही तसाच सरकायचा. त्या नोंदी सेकंदाला शंभर या ठेक्यात, दहा-दहा मिलिसेकंदांच्या अंतराने येत होत्या. पन्नास हर्ट्झच्या विजेचा दाब एका सेकंदात शंभर वेळा शिखर गाठतो, आणि कुठे सैल जोड किंवा तडकलेला इन्सुलेटर असेल तर प्रत्येक शिखराला तिथे ठिणगी उडते. दिशा डीपीकडे बोट दाखवत होती. वायरमन आला, खांबावर चढला, जंपर घट्ट केला आणि एक पिन इन्सुलेटर बदलला. पूर ओसरला. हा भाग दोन वाक्यांत संपला, कारण त्यात शिकण्यासारखं फारसं नाही. लाइनवर ठिणगी पडली तर ती दुरुस्त व्हायलाच हवी, अँटेना असो वा नसो.

दुसरं घराणं वीज गेली तरी चालूच. रात्री जास्त, पहाटे दहिवर पडल्यावर त्याहून जास्त. मुलांचा पहिला अंदाज मोबाइल टॉवरचा होता, मग सोलर पंपाच्या कंट्रोलरचा. पण टॉवर ज्या दिशेला, तिकडून नोंदी नव्हत्या, आणि सोलर पंप रात्री झोपलेले असतात.

एका मुलीने मग नोंदींच्या वेळा वेगळ्या तऱ्हेने मांडल्या. रात्रभराच्या वेळा घ्यायच्या, सेकंदाहून थोड्या जास्त अशा एका ठरावीक कालावधीने भागायच्या, आणि फक्त बाकी आलेखावर टाकायची. विस्कळित ठिपक्यांतून चार तिरक्या रेषा उठून आल्या. प्रत्येक रेषेचा उतार थोडा वेगळा, म्हणजे चार वेगवेगळी यंत्रं, प्रत्येकाचा ठोका जवळपास सेकंदाचा, पण आपापल्या चालीचा. त्यातली एक रेषा पहाटेकडे वाकत होती. बॅटरी उतरली की ठोका लांबतो.

शिवारात सेकंदाला एकदा ठोका देणारं यंत्र एकच. झटका मशीन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रानडुकरं आणि रोही (नीलगायी) हरभरा-तुरीची जी नासाडी करतात तिला आवर घालायला शेतकरी वावराभोवती तार ओढतात आणि बॅटरीवरच्या मशीनने तिच्यात काही हजार व्होल्टचा अगदी क्षणिक झटका सोडतात, साधारण सेकंदाला एक. जनावर बिचकून मागे फिरतं, मरत नाही. (सरळ लाइनवर आकडा टाकून तारेत करंट सोडणारेही आहेत. त्यात माणसं जातात, वाघ जातात. तो गुन्हा आहे. तशी तार शेजारच्या शिवारात असल्याचं कानावर आल्यावर त्या बाजूला मुलांनी पाऊल टाकायचं नाही, असं पहिल्याच दिवशी ठरवलं.)

काकांना आलेख दाखवला तर ते हसले. “सर, रेडिओत टकटक त मशीन लावल्यापासूनच येते. आमाले वाटलं तुमाले मालूम असन.” रात्री ट्रान्झिस्टरवर आकाशवाणी लावून बसायची त्यांची सवय. त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

जागलीचा सौदा

आलेख पटणारा होता, पण पुरावा नव्हता. पुरावा एकच: सगळी मशीनं रात्रभर बंद ठेवून बघायचं. चार मशीनं, चार मालक, आणि हरभरा ऐन घाट्यावर आलेला.

“मी बंद ठेवतो,” काकांचे शेजारी म्हणाले, “पन मंग जागलीले कोन जाईन? पोरं जातीन का तुमची?”

पोरं गेली. चार वावरांवर दोघं-दोघं, हातात टॉर्च आणि वाजवायला डबे. मुलींच्या घरच्यांची परवानगी काढायला मला दोन फोन करावे लागले, आणि एका आईने अट घातली की तिचा मुलगाही सोबत जाईल. तो अकरावीतला पोरगा सगळ्यात जास्त वेळ जागा राहिला. त्या रात्री नोंदी एवढ्या कमी झाल्या की नोंदयंत्र बंद पडलं की काय म्हणून खोलीतल्याने तपासून पाहिलं. डुकरांनी मात्र एका धुऱ्याकडून आत शिरून हरभऱ्याची एक पट्टी उपटलीच. तिची भरपाई प्रकल्पाच्या पैशांतून दिली. ती कुठल्या खात्यात दाखवायची यावर जे पत्रव्यवहार झाले, त्यांच्याबद्दल न लिहिलेलं बरं.

त्याच रात्री नोंदयंत्रात आकाशगंगेचा मंद सूर पहिल्यांदा स्वच्छ दिसला. या पट्ट्यात नैसर्गिक गोंगाट मुख्यतः आकाशगंगेचाच असतो. तिचा दाट भाग माथ्यावर आला की पातळी चढते, उतरला की उतरते, आणि हे चढणं रोज सुमारे चार मिनिटं आधी होतं. ज्या जाळ्यावर हे दिसतं ते कान उघडे ठेवून आहे असं मानायला हरकत नाही. झटका आणि डीपी यांच्या कल्लोळात ते तोवर बुडालेलं होतं.

उपाय कुठला

इथे मतं फुटली. कॉलेजातल्या संगणकाच्या सरांचं म्हणणं, ठोका ठाऊक आहे, तर त्या क्षणी नोंदयंत्राला डोळे मिटायला लावा. चार मशीनं, प्रत्येक ठोक्याला दोनेक मिलिसेकंद, म्हणजे एक टक्काही वेळ वाया जात नाही. कागदावर उत्तम. पण बॅटरी उतरली की ठोका सरकतो, मग पापणी लांब मिटावी लागते. आणि झटक्याच्या अलीकडे-पलीकडे उडणाऱ्या अनियमित ठिणग्या त्यातून सुटतातच.

दुसरा गट म्हणत होता, जागाच बदला. अँटेनांना निर्मनुष्य माळरान हवं, असा प्रघातच आहे. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या परिसरातही उद्योगांवर बंधनं आहेत. माझं मत याविरुद्ध होतं आणि आहे. विदर्भात माणूस नसलेली जागा म्हणजे जंगल. तिथे परवानगी मिळणार नाही, आणि मिळालीच तर कॉलेजच्या पोरांना रोज जाता येणार नाही.

तिसरी वाट मिळाली ती ट्रान्झिस्टर हातात घेऊन. रात्री दोघं मुलं काकांसोबत तारेच्या कडेने चालत गेली. मीडियम वेव्हवर स्टेशनांच्या मधली रिकामी जागा लावून ठेवली होती. बऱ्याच लांबीत टकटक बारीक येत होती आणि काही जागी एकदम खणखणीत. त्या जागी थांबून टॉर्च विझवली की दिसायचं: गंजलेली तार हाताने पिळून जोडलेली, जोडात निळसर ठिणगी, सेकंदाला एकदा, चट, चट. एका खुंटीवर इन्सुलेटरच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला, तो उन्हाने तडकलेला. एका कोपऱ्यात ओलं गवत तारेला टेकलेलं. रेडिओ गोंगाट मशीन करत नव्हतं, या ठिणग्या करत होत्या. अखंड तारेतला झटका तुलनेने शांत असतो. जिथे विजेला फट उडी मारून ओलांडावी लागते तिथे नॅनोसेकंदांचा, सगळ्या पट्ट्यांत पसरणारा स्पंद निघतो. दहिवर पडल्यावर नोंदी का वाढायच्या, तेही इथेच उलगडलं.

मग काम सुताराचं-लोहाराचं झालं. पिळलेले जोड कापून क्लॅम्प लावले, ट्यूबच्या जागी बाजारातले प्लास्टिकचे इन्सुलेटर बसवले, तारेखालचं गवत काढलं. अर्थिंगचा रॉड ओल्या जागी खोल ठोकला. चारही मालकांनी यात हात लावला, कारण गळती थांबली की तारेत झटका जोरात बसतो आणि बॅटरी जास्त रात्री पुरते. त्यांचा फायदा आमच्याआधी दिसला. गोंगाट पूर्ण गेला नाही, पण एवढा उतरला की मशीनं चालू ठेवूनही आकाशगंगेचा चढउतार दिसू लागला.

कणांची साक्ष

तरीही नुसत्या रेडिओ स्पंदावर विसंबून नोंद घ्यायची, हा मार्ग सोडला. हे जगात झालेलंच नाही असं नाही. चीनमध्ये तिएनशान पर्वतात पन्नासेक अँटेनांच्या ट्रेंड प्रयोगाने केवळ रेडिओवर वर्षाव वेगळे काढून दाखवले. पण कोट्यवधी नोंदी चाळून हाती काही शे आल्या, आणि ती जागाही आमच्यापेक्षा कितीतरी शांत. १९६५ च्या जोड्रेल बँकेपासून लोफारपर्यंत बहुतेकांनी कण मोजणाऱ्या शोधकाची साक्ष आधी घेतली, मग रेडिओकडे पाहिलं. आपल्याकडे उटीला ग्रेप्स-३ हा टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा प्रयोग याच कणशोधकांवर उभा आहे, प्लास्टिकचे सुमारे चारशे शोधक मांडून.

आमच्याकडे तीन. प्लास्टिक सिंटिलेटरचे, म्हणजे कण आरपार गेला की क्षणभर चमकणाऱ्या प्लास्टिकचे तुकडे, काळ्या टेपने प्रकाशबंद करून पत्र्याच्या डब्यांत ठेवलेले. एकट्या शोधकावर म्युऑन (वर्षावांतून जमिनीपर्यंत पोचणारे कण) सतत पडत असतात, चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक. त्यांचा उपयोग शोधक जिवंत आहे की नाही एवढं कळायला. तिन्ही डबे एकाच वेळी बोलले तरच यंत्राने अँटेनांची मागची काही मायक्रोसेकंदं साठवायची, असं ठरलं. ढिगाऱ्याने येणाऱ्या नोंदी दिवसाला मूठभर झाल्या. त्यातल्याही जवळपास सगळ्यांत रेडिओ काही नाही, कारण डब्यांना लहान वर्षावही कळतात आणि अँटेनांना फक्त मोठे.

एक नोंद मात्र सगळ्या चाळण्यांतून उतरली. चारही अँटेनांवर स्पंद, दिशा उत्तरेकडून बऱ्याच उंचीवरची, पूर्व-पश्चिम हातावर जोरदार आणि उत्तर-दक्षिण हातावर क्षीण, आणि चारपैकी एकाही झटका मशीनच्या ठोक्याशी वेळ जुळत नाही. कणशोधकांच्या वेळांवरून काढलेली दिशा काही अंशांत तीच. आपल्याकडे चुंबकक्षेत्र उत्तरेकडे तोंड करून खाली झुकलेलं आहे. त्यामुळे उत्तरेच्या उंच आकाशातून येणारा वर्षाव त्याला काटकोनात छेदतो आणि दक्षिणेच्या खालच्या आकाशातून येणारा समांतर पडून गप्प राहतो. नोंद अपेक्षित बाजूची आहे.

मी तिला वर्षाव म्हणतो. ती आलेखवाली मुलगी म्हणत नाही. तिचा आक्षेप नेमका आहे: काकांच्या वावराची एक तार पूर्व-पश्चिमच जाते आणि तिच्यावरच्या ठिणगीची कंपनदिशाही तीच असते, शिवाय ज्या अँटेनेवर स्पंद सर्वात मोठा, ती त्या तारेला सर्वात जवळची. दिशा उंचीवरची आली हे माझं उत्तर. त्यावर तिचं म्हणणं, इतक्या जवळचा स्रोत असेल तर लहरीचा पुढा, म्हणजे तिची आघाडीची कड, वाकडा असतो, आणि सपाट पुढा गृहीत धरून काढलेली उंची फसवी ठरते. तिने वाकडा पुढा धरून गणित पुन्हा केलं. दोन्ही उत्तरं चुकांच्या मर्यादेत बसतात. चार अँटेनांत याहून पुढे जाता येत नाही. प्रकल्पाच्या अहवालात ती ‘संभाव्य’ या रकान्यात आहे.

पुढचा हंगाम

रोहिणी-मृगाच्या सुमाराला जाळं बंद ठेवावं लागतं. विजांचे स्पंद नोंदी भरून टाकतात आणि एक जवळची वीज प्रवर्धक जाळायला पुरते. केबली सोडून पाइपांची तोंडं बांधून ठेवली आहेत. खरं तर ढगांतल्या विद्युतक्षेत्रामुळे वर्षावाचा रेडिओ ठसा बदलतो आणि त्यावरून ढगाच्या पोटातलं क्षेत्र मोजता येतं, हे लोफारच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं आहे. विदर्भातल्या विजा पाहता हा विषय इथलाच म्हणायला हवा. पण त्याला अँटेना पुष्कळ लागतात आणि वीजरोधक व्यवस्था त्याहून महाग.

सोयाबीन निघाल्यावर पाचवी अँटेना लावायची हे ठरलं आहे, म्हणजे वाकड्या-सपाट पुढ्याचा वाद निदान पुढच्या नोंदीला तरी सुटेल. तारेची देखभाल मुलांकडे आणि इन्सुलेटरचा खर्च निम्मा-निम्मा, असं चारही मालकांशी बोलणं झालं आहे. अँटेना कुठे लावायची यावर मात्र एकमत नाही. मुलीला ती उत्तरेच्या धुऱ्यापलीकडे, शक्य तितकी दूर हवी आहे. काका म्हणतात तिथून रोह्यांची वाट आहे, खांब उभा राहणार नाही, आणि राहिला तर भोवती आणखी एक तार ओढावी लागेल.